नफा दिसतो, पण रोकड कुठाय?

'कंपनी नफ्यात असताना कर्जाचे हप्ते थकतातच कसे?' असा प्रश्न पडतो. आमच्या जळगावकडे बघा. ठिबक सिंचनाचं सामान बनवणाऱ्या जैन इरिगेशनने 2007 मध्ये इस्रायलच्या नानदान या सिंचन कंपनीत निम्मा हिस्सा घेतला, 2012 मध्ये उरलेला. 2017 मध्ये 20 कोटी डॉलरचे रोखे काढले, म्हणजे तेवढं कर्ज उभारलं. मालाला मागणी होतीच. पण ठिबकचा धंदा सरकारी अनुदानाशी बांधलेला. रावेरकडे केळीत नळ्या अंथरून होतात, पाणी सुरू होतं, अनुदानाची फाईल मात्र टेबलावरच. तोवर शेतकऱ्याकडे डीलरची उधारी, डीलरकडे कंपनीची. हिशेबात ती विक्री म्हणून चढते, पण बँकेचा हप्ता उधारीतून भरता येत नाही.

2019 मध्ये कंपनीचं पतमानांकन, म्हणजे कर्ज फेडण्याच्या क्षमतेचा दर्जा, कोसळलं, हप्ते थकले. मानांकन पडलं की बँका खेळतं भांडवल (रोजच्या व्यवहाराचा पैसा) आखडतात, कच्चा माल रोखीनेच मिळतो, उत्पादन घटतं आणि येणारा पैसा आणखी रोडावतो. खरं दुखणं हे चक्र आहे. 2022 मध्ये कर्जाची पुनर्रचना झाली, 2023 मध्ये परदेशातला सिंचन व्यवसाय रिव्ह्युलिस या सिंचन कंपनीत विलीन करून कर्जाचा बोजा कमी केला.

म्हणून शेअर घेताना नफ्याआधी येणी (ग्राहकांकडून यायचे पैसे) किती दिवसांची आहेत ते बघा. आणि अशा वेळी बँकांशी वाटाघाटी होतात, पण एमआयडीसीतल्या छोट्या पुरवठादाराच्या बिलांचं काय, यावरही इथे कुणीतरी लिहायला हवं.