सांगोला: अकरा वेळा एकच आमदार, ही प्रगल्भता की सवय?

कोरडा माण
परवा एका गृहस्थांनी लिहिले की, गणपतराव ऊर्फ आबासाहेब देशमुखांना अकरा वेळा विधानसभेत पाठवणारा सांगोल्याचा मतदार हा महाराष्ट्रातील सर्वांत प्रगल्भ मतदार होय. आबासाहेबांच्या साधेपणाविषयी आणि एसटीच्या प्रवासाविषयी माझी तक्रार नाही. आक्षेप आहे तो मतदारांनी स्वतःची पाठ थोपटून घेण्याला. 1962 पासून 2019 पर्यंत, 1972 आणि 1995 चे दोन पराभव सोडले तर, तालुक्याने शेतकरी कामगार पक्षाचा (शेकापचा) हा एकच माणूस निवडला आणि 1978 व 1999 ची मंत्रिपदे वगळता तो बहुतेक काळ विरोधी बाकांवरच बसला. माझे बालपण टँकरमागे घागर घेऊन धावण्यात गेले. निष्कलंक आमदार असूनही शिवाराला पाण्यासाठी पिढ्या घालवाव्या लागत असतील, तर प्रतिनिधित्व कशाला म्हणायचे?

जुना लाल बावटा
घागर आम्हीही वाहिली आहे, तेव्हा ती मिरवू नये. 1993 मध्ये आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडींनी पाणी परिषद घेतली, त्या तेरा दुष्काळी तालुक्यांच्या लढ्यात आबासाहेब पहिल्यापासून होते. कृष्णेचे पाणी उचलून माणदेशात आणता येते, हे तेव्हा बोलणाऱ्याला लोक वेडा म्हणत. माझे वडील त्या परिषदेला ट्रकच्या हौद्यात उभे राहून गेले होते आणि येताना त्यांच्या एका पायात चप्पल नव्हती. विरोधी बाकांवर बसून माणसे काय करतात, ते अशा ठिकाणी दिसते.

हिशेबनीस
चप्पल हरवल्याने योजना होत नाहीत. कृष्णा खोरे विकास महामंडळ 1996 मध्ये स्थापन झाले, कृष्णेचे पाणी उचलणाऱ्या टेंभू उपसा योजनेचे कामही युतीच्याच काळात मार्गी लागले आणि तेव्हा आबासाहेब सभागृहात नव्हते. 1995 ला शहाजीबापू पाटलांनी त्यांना 192 मतांनी हरवले होते. आता श्रेय शहाजीबापूंना द्यायचे का? मी देणार नाही. कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने वाट्याला आलेले पाणी 2000 सालापर्यंत वापरात आणण्याची घाई सरकारला होती, म्हणून महामंडळ आले. आमदार कोण, हा प्रश्नच तेथे गौण होता.

जुना लाल बावटा
म्हणजे परिषदा, मोर्चे, निवेदने सारे व्यर्थ, आणि एका लवादाच्या मुदतीने आपोआप पंप फिरले? तेरा तालुके हलले नसते, तर ती घाई धरणांवरच संपली असती आणि उपसा योजनांना कोणी विचारले नसते. तुमच्यासारख्यांना चळवळीचा तिटकारा आहे, एवढेच यातून सिद्ध होते.

हिशेबनीस
तिटकारा नाही, आकडेमोड आहे. आपल्याला ती टोचते, त्याला माझा नाइलाज आहे.

डाळिंबवाली
दोघांनीही श्रेयाची वाटणी नंतर करावी. 2012-13 च्या दुष्काळात आम्ही चारशे झाडे टँकरने जगवली. बॅरलला नळी लावून प्रत्येक आळ्यात मोजून पाणी सोडायचे, आणि सासूबाई भांडी विसळलेले पाणीही दारातल्या दोन झाडांना घालायच्या. त्या दोन झाडांना सर्वांत मोठी फळे आली. पुढे तेल्या रोगाने बागच गेली, हा भाग वेगळा. एका कार्यालयात पंचनाम्यासाठी सात खेपा घातल्या, तेव्हा आमदाराच्या चिठ्ठीचा उपयोग झाला नाही. मात्र चिठ्ठी मागायला गेले, त्या दिवशी आबासाहेब स्वतः भेटले आणि त्यांनी आधी झाडांचे वय विचारले. या प्रश्नासाठी मी त्यांना मत देत आले; आता याला प्रगल्भता म्हणा, नाहीतर सवय.

कोरडा माण
ताई, आपले पटते, पण 2019 चे काय? आबासाहेबांचा नातू उभा राहिला, 768 मतांनी पडला, आणि निवडून आलेले शहाजीबापू 2022 मध्ये गुवाहाटीतील झाडी आणि डोंगार वर्णन करताना साऱ्या महाराष्ट्राला ऐकू आले. 2024 मध्ये पुन्हा त्याच घरातील दुसरा नातू. व्यक्तीवर विश्वास होता म्हणता, मग तो आडनावावर कसा उतरला?

जुना लाल बावटा
पक्षच पुसला जात असताना सभागृहात लाल बावट्याचा एक माणूस पोहोचला, याचेही तुम्हाला दुःख! 2024 ला महाविकास आघाडीतल्याच ठाकरे गटाने समोर उमेदवार दिला, तरी बाबासाहेब देशमुख आले. निव्वळ आडनावावर हे होत असते, तर 2019 ला का झाले नाही?

कोरडा माण
हा मुद्दा बिनतोड आहे, हे नाइलाजाने लिहितो. आटपाडीच्या परिषदेचेही मान्य. परंतु 1974 च्या पोटनिवडणुकीत ज्या मतदाराने आबासाहेबांना परत आणले, त्यानेच दोन वर्षांपूर्वी त्यांना घरी बसवले होते, हे त्या गृहस्थांच्या लेखात कोठेही नव्हते. मला प्रगल्भ वाटतो तो हा, पाडणारा मतदार.

हिशेबनीस
चला, निदान एका मुद्द्यावर आपण माझ्याइतके कोरडे झालात.

डाळिंबवाली
चर्चा आटोपली असल्यास, कालव्याचे उन्हाळी आवर्तन कधी सुटणार हे कोणास ठाऊक असेल तर कृपया येथे लिहावे. वितरिकेच्या शेवटच्या टोकाला आमचे रान आहे.