मदत हवी आहे: युगोस्लाव्हियाच्या बानोविनांचा तालुकानिहाय नकाशा

मंडळी, नमस्कार.

दिवाळी अंकासाठी युगोस्लाव्हियातल्या 'बानोविना' प्रांतांवर लेख लिहितेय. मजकूर होत आलाय, पण नकाशाशिवाय लेख लंगडा वाटतो.

विषय नवा असलेल्यांसाठी पार्श्वभूमी सांगते. जून १९२८ मध्ये बेलग्रेडच्या संसदेत गोळीबार झाला. त्यात जखमी झालेले क्रोएट नेते स्त्येपान रादिच ऑगस्टमध्ये वारले. जानेवारी १९२९ मध्ये राजा अलेक्झांडरनं संविधान रद्द करून सगळी सत्ता स्वतःकडे घेतली. मग ३ ऑक्टोबरला जुने ३३ 'ओब्लास्त' (जिल्ह्यांसारखे विभाग) मोडून ९ बानोविना केल्या, बेलग्रेड वेगळं ठेवलं. प्रत्येकीवर राजानं नेमलेला 'बान', म्हणजे राज्यपाल. नावं जवळपास सगळी नद्यांची: द्रावा, सावा, द्रिना, मोरावा, वार्दार वगैरे. सर्ब, क्रोएट, बोस्निया अशी ओळख नावातही उरू द्यायची नव्हती.

खरी मेख सीमांमध्ये आहे. बोस्निया-हर्झेगोविना चार बानोविनांत वाटला गेला, मुसलमान एकीतही बहुसंख्य राहिले नाहीत. सर्ब मात्र सहा ठिकाणी बहुसंख्य. दुब्रोव्निकसारखं दाल्मेशियन (क्रोएट किनारपट्टीवरचं) शहर झेता बानोविनेत, म्हणजे राजधानी माँटेनेग्रोतलं त्सेतिन्ये! भाषावार प्रांतरचनेसाठी लढलेल्या आपल्यासारख्यांना हे किती खुपेल, ते वेगळं सांगायला नको. १९३९ मध्ये सावा आणि प्रिमोर्स्का (किनारपट्टीची) या बानोविना आणि आजूबाजूचे काही तालुके जोडून क्रोएशियाची वेगळी बानोविना झाली. माझ्या मते ती तडजोड फार उशिरा आली. एप्रिल १९४१ मध्ये जर्मनी आणि तिच्या साथीदारांचं आक्रमण झालं आणि सगळंच संपलं.

आता मदत. जालावर मिळणाऱ्या नकाशांत फक्त बानोविनांच्या बाह्य सीमा दिसतात. मला 'स्रेझ' (आपल्याकडच्या तालुक्यासारखा भाग) दाखवणारा नकाशा हवा आहे, शक्यतो १९३१ च्या संविधानानंतरचा, कारण त्यात सीमा कलमातच लिहिल्या होत्या. त्या वर्षीची जनगणना बानोविनांनुसार झाली होती, तेव्हा तिचे अहवाल कुणाला पाहता आले तर तेही चालतील. सर्बियन सिरिलिक वाचणारं कुणी आहे का? दोन-तीन पानं तपासून हवी आहेत.

शिवाय कुणी नोवी साद किंवा नीशला राहत असेल, तर तिथल्या जुन्या बानोविना इमारतींचे स्वतः काढलेले फोटो पाठवाल का? पहिलीत आज वोय्वोदिनाचं सरकार बसतं, दुसरीत विद्यापीठाचं कार्यालय आहे. छायाचित्रकाराचं नाव अंकात छापू. व्यनि (खासगी निरोप) केलात तरी चालेल.