सुटलेली सिगरेट परत लागलीय, आता पुन्हा पहिल्यापासून का?

उद्यमनगरकर

'मन खंबीर ठेव' हे उत्तर घरात रोज फुकट मिळतंय, ते सोडून काही असेल तर सांगा.

चाळिशी जवळ आलीय. कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर टर्निंग-बोरिंगचं जॉबवर्क करतो. कॉलेजपासून छोटी गोल्ड फ्लेक. दिवसाला एक पाकीट ठरलेलं. त्यात फाउंड्रीतनं कास्टिंग वेळेत आलं नाही, किंवा आलं आणि टर्निंग करताना आतनं ब्लोहोल, म्हणजे पोकळी, निघाला, की दुसरं पाकीट फुटायचं.

दसऱ्याला सोडली. बायको सोडून कुणाला बोललो नाही. पहिले पंधरा दिवस लई वाईट गेले. पोरानं नुसतं 'पप्पा' म्हटलं तरी खेकसायचो. झोप नाही, पोट साफ नाही, छातीत धडधड. हात असा थरथरायचा की मायक्रोमीटर धरून माप घ्यायला पोरांना सांगावं लागायचं. सिगरेट नाही म्हणून चहा वाढला होता, तो वेगळाच. पण दिवाळी झाली आणि गाडी रुळावर आली. जोतिबाच्या पायऱ्यांवर दम लागला नाही, जेवणाला चव आली. तांबडा रस्सा एवढा तिखट असतो हे मला नव्यानं कळलं.

मग फुटबॉलचा सीझन. शाहू स्टेडियम, पेठेची मॅच, टायब्रेकर. (तिथं ओढायला बंदी आहे, माहीत आहे, त्यावर नका घसरू.) शेजारच्या दोस्तानं पेटवून हातात दिली आणि मी घेतली. चव घाण लागली, डोकं गरगरलं. मला वाटलं, चला, आता ही आपल्याला सोसतच नाही, म्हणजे कायमची सुटली! पुढच्या मॅचला परत एक. मग मॅच नसताना मिरजकर तिकटीला एक. आता कारखान्यासमोरच्या टपरीवर सुट्ट्या घेतो. पाकीट घेत नाही, म्हणजे आपण ओढणाऱ्यातले नाही, असा हिशोब. आकडा मात्र पाकिटाच्या जवळ आलाय.

तर विचारायचं हे, की मधले महिने सगळे वाया गेले का? मागच्या वेळी निकोटिनचे च्युइंगगम आणले होते, त्यानं नुसत्या उचक्या लागल्या आणि घशाशी जळजळ. ते परत आणण्यात अर्थ आहे का? आणि एक जण वेप मिळवून देतो म्हणतोय, त्याचं काय?

दूधकट्टा

भावा, वेपचा नाद सोड. २०१९ पासून देशात विक्रीलाच बंदी आहे, त्यामुळं तो जे आणून देणार त्यात काय भरलंय ते त्यालाही माहीत नसणार. आमच्या ग्रुपात एकानं सिगरेट सोडायला म्हणून वेप घेतलं. आता घरात वेप आणि बाहेर सिगरेट, दोन्ही जोरात.

दुसरं, सिगरेटच्या जागी तंबाखू मळायला सुरू करू नको. मी तेच केलं होतं. धूर नाही म्हणून घरचे खूश, मीपण खूश. मग दातांच्या डॉक्टरनं गालाच्या आतला पांढरा चट्टा आरशात दाखवला आणि तपासायला पाठवलं. चट्टा साधा निघाला, पण रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत.

संध्याकाळी तलफ आली की मी गंगावेशीत कट्ट्यावर जाऊन ग्लासभर दूध मारतो. दुधावर सिगरेट बेचव लागते, निदान मला तरी.

जुना_कंडक्टर

एस.टी.त आयुष्य गेलं. बिडीचं बंडल खिशात आणि तिकिटाची पेटी खांद्याला, अशी नोकरी केली. एके दिवशी ठरवलं आणि बंडल रंकाळ्यात भिरकावलं. त्यानंतर हात लावला नाही. गम, पट्ट्या, गोळ्या हा कंपन्यांचा धंदा आहे. सोडायची असते त्याची सुटते. दोस्तानं हातात दिली म्हणे! दोस्तानं विष दिलं असतं तर घेतलं असतंस का?

औषधवाली

काका, तुमची एका झटक्यात सुटली, चांगलंच झालं. (बंडल रंकाळ्यात नको होतं टाकायला, आधीच त्याचे हाल आहेत.) पण माझ्या काउंटरवर येणाऱ्यांतले बहुतेक जण दोन-चारदा सोडून, परत लागून, मग सुटलेले असतात. त्यांचा निग्रह कमी असतो असं मला नाही दिसलं.

उद्यमनगरकर दादा, राजारामपुरीत माझं मेडिकल आहे. आधी गमबद्दल बोलते, कारण यात जवळजवळ प्रत्येक जण फसतो. लोक तो गम मुखवासासारखा कचाकचा चावतात आणि रस गिळतात. मग निकोटिन पोटात जातं. तिथं उपयोग तर होत नाहीच, वर उचकी, मळमळ, जळजळ. तुम्हाला झालं ते हेच. निकोटिन गालाच्या आतल्या कातडीतनं रक्तात जायला हवं. म्हणून गम हळू चावायचा, तिखटसर झिणझिणी आली की थांबायचं आणि गाल-हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा. झिणझिणी गेली की परत चार-सहा वेळा चावायचा, बाजू बदलून ठेवायचा. असा अर्धा तास एक गम. त्याआधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक काही नाही. तोंड आंबट झालं की निकोटिन शोषलं जात नाही. चहाचा घोट आणि गम सोबत म्हणजे पैसे पाण्यात.

दुसरी गंमत म्हणजे लोक दिवसातनं दोन गम खातात आणि 'काही फरक नाही' म्हणून पाकीट परत आणतात. सुरुवातीच्या सहा आठवड्यांत जागेपणी दर एक-दोन तासांनी एक लागतो, तलफ यायची वाट न बघता. मग अंतर वाढवत साधारण तीन महिन्यांत बंद. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली पेटत असेल तर २ मिलीग्रॅमचा गम कमी पडतो, ४ चा लागतो. तो मी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देत नाही. जोडीला अंगावर निकोटिनची पट्टी लावली तर ती दिवसभर संथ निकोटिन देत राहते आणि अचानक आलेल्या तलफेला गम उरतो. व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन या गोळ्याही आहेत, पण त्या डॉक्टरांनी तपासूनच द्यायच्या.

काका म्हणतात तो धंद्याचा मुद्दा. गमात निकोटिन असतं, पण डांबर नसतं, कार्बन मोनॉक्साइड नसतो. फुप्फुसाची आणि हृदयाची वाट लावतो तो मुख्यतः धूर. आणि गम विकून मी किती कमावते ते बघायला एकदा दुकानात येऊन बसा.

आता महिने वाया गेले का, ते. नाही गेले. पण त्यातनं काय हाताला लागलं ते बघायला हवं. शरीराची निकोटिनची मागणी पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जोरात असते आणि तीन-चार आठवड्यांत बरीच उतरते. तुम्ही तर त्याच्या कितीतरी पुढं गेला होता. म्हणजे स्टेडियमवर आली ती शरीराची तलफ नव्हती. ती त्या जागेची, त्या दोस्ताची आणि टायब्रेकरची होती. तसली तलफ महिनोन्‌महिने दडून बसते, आणि आली तरी काही मिनिटांत ओसरते, फक्त त्या मिनिटांत कुणी पेटवून हातात द्यायला नको. पहिली 'घाण लागली' म्हणून तुम्ही निर्धास्त झालात. चव घाण लागली तरी मेंदूला त्याची ओळख पटलेली असते.

आता मात्र रोज ओढताय, म्हणजे शरीराची मागणीही परत उभी राहिली असणार. त्यामुळं या वेळी दोन्ही बघावं लागेल. शरीरासाठी गम किंवा पट्टी, आणि जागेसाठी तुमची स्वतःची यादी. दसरा ते फुटबॉल या काळात कुठल्या सिगरेटची आठवणसुद्धा झाली नाही आणि कुठल्या वेळी जीव कासावीस झाला, ते कागदावर मांडा. पहिल्यांदा सोडणाऱ्याकडं ही माहिती नसते, तुमच्याकडं आहे.

ते सुट्ट्यांचं तेवढं थांबवा. महाराष्ट्रात २०२० पासून सुटी सिगरेट विकायलाच बंदी आहे, तरी मिळते, ते सोडा. सुट्ट्या घेणाऱ्याला पाकिटावरचं चित्र दिसत नाही आणि तिथं छापलेला १८००-११-२३५६ हा क्विटलाइनचा नंबरही दिसत नाही. फोन फुकट आहे, समुपदेशक तारीख ठरवून देतात आणि नंतर स्वतःहून फोन करून विचारतात. समोरासमोर बोलायचं असेल तर सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, चौकशी करा.

एक विचारायचं राहिलं. बाकी कुठल्या गोळ्या चालू आहेत का? बी.पी., दमा, झोपेची, काहीही. धडधड आणि थरथर वाचून विचारतेय.

जुना_कंडक्टर

येतो बसायला. चहा पाजणार का?

एक सांगतो उद्यमनगरकरला. बिडी सुटल्यावर मी स्टँडवर टपरीच्या बाजूनं उतरायचं बंद केलं होतं. पलीकडनं वळसा घालून कंट्रोल केबिनला जायचो. ड्रायव्हर लोक हसायचे. त्याला निग्रह म्हणा नाहीतर भीती म्हणा.

उद्यमनगरकर

ताई, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. गम मी खरंच कचाकचा चावत होतो, तेपण चहाबरोबर.

रात्री कागद घेऊन बसलो. जेवणानंतरची कधीच आठवली नव्हती, गाडीवरची नव्हती, बायकोशी भांडण झाल्यावरचीसुद्धा नव्हती, ही माझी मलाच नवी गोष्ट. जीव कासावीस व्हायचा तो तीनच ठिकाणी. सकाळी उठल्या उठल्या मागच्या गॅलरीत, कारण त्याशिवाय पोटाचं काम होत नाही. दुपारी टेम्पोची वाट बघताना शटरसमोर, हाताला काम नसतं तेव्हा. आणि स्टेडियम. काका, तुमचा वळसा पटला. टेम्पोवाल्याला आता मागच्या गेटला बोलावतो, तिथं टपरी नाही. राहिलेल्या मॅच घरी मोबाइलवर बघेन. दोस्त शिव्या घालतील, घालू देत.

गोळ्यांचं विचारलंत. बी.पी. नाही. धुळीचा दमा आहे. तो पंप ओढतो आणि रात्री एक गोळी असते, पाकिटावर थिओफिलिन लिहिलंय. बरीच वर्षं चालू आहे. सोडल्यावर ती बंद करायची असते का?

औषधवाली

मनानं बंद करू नका, पण सोडायची तारीख ठरवायच्या आधी ज्यांनी ती लिहून दिली त्या डॉक्टरांना भेटा. सिगरेटच्या धुरामुळं लिव्हर थिओफिलिन भराभर बाहेर काढतं, म्हणून ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. सिगरेट बंद झाली की थोड्या दिवसांत लिव्हरचा तो वेग उतरतो आणि तीच गोळी अंगात जास्त साठायला लागते. मग धडधड, थरथर, मळमळ, झोप उडणं. चहातल्या कॅफिनचंही अगदी तसंच होतं. तेवढेच कप प्यायले तरी रक्तातलं प्रमाण जवळपास दुप्पट होऊ शकतं, आणि तुम्ही तर चहा वाढवला होता. मायक्रोमीटर धरताना हात हलत होता तो सगळा सिगरेटच्या आठवणीनं नसेल. डॉक्टरांना विचारा, ते डोस कमी करतील किंवा गोळी बदलतील.

गम किंवा पट्टी घेतली तरी हे टळत नाही, कारण हा परिणाम निकोटिनचा नाही, धुराचा आहे. म्हणून चहा पहिल्या दिवसापासूनच निम्म्यावर आणा, दुपारनंतरचा बंदच करा.

सकाळच्या पोटाचंही सांगते. निकोटिन आतड्याला ढकलतं, म्हणून सवय लागलेली असते. दोन-तीन आठवडे त्रास होईल. उठल्यावर गरम पाणी, जेवणात भाकरी आणि पालेभाजी, पेरू मिळाला तर पेरू. नाहीच जमलं तर इसबगोल. आणि गॅलरीत जाऊ नका, सरळ पायात चपला घालून खाली उतरा.

डॉक्टरांकडं जाताना गोळीची स्ट्रिप आणि तुमचा तो कागद, दोन्ही घेऊन जा. चिठ्ठी मिळाली की इकडं या, गम कसा ठेवायचा ते दाखवते.