खल, खलबत आणि काथ्याकूट

रविवारी सकाळी ठाण्यात तलावपाळीला आमचा पाच-सहा जणांचा कट्टा असतो. चहा, आठवड्याचे पेपर, कोणीतरी नुकतंच वाचलेलं पुस्तक, आणि त्या पुस्तकाला बाजूला सारून तासभर राजकारण. परवा जागावाटपाची बातमी निघाली. एका पेपरात बैठकीत ‘खल’ झाला होता, दुसऱ्यात त्याच बैठकीत ‘खलबतं’ झाली होती. आमचे एक काका आहेत, बँकेतून निवृत्त, शब्दकोडं थेट पेनाने सोडवणारे. ते म्हणाले, “एकच रे ते. खलात बत्त्याने कुटतात, म्हणून खलबतं.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, पण बत्त्यातला जोडाक्षरी ‘त्ता’ कुठे गळाला, हे डोक्यात राहिलं. दुपारी कोश काढून बसलो. खलबत हा शब्द मूळचा अरबी, ‘खल्वत’ म्हणजे एकांत. रायगडावर खलबतखाना आहे, तोच हा शब्द. मसलतीची खोली, मसाल्याची नव्हे. बातमीतला ‘खल’ मात्र वैद्याच्या खलातून आलेला, घोटून घोटून बारीक करण्याचा.

मला हा फरक वापरातही जाणवतो. ग्रामसभेत पाण्याच्या प्रश्नावर खल होऊ शकतो, शंभर माणसांसमोर. पण ‘ग्रामसभेत खलबतं झाली’ असं कोणी म्हटलं, तर मागच्या खोलीत काहीतरी शिजलंय असंच वाटेल. म्हणजे त्या दोन पेपरांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. एकाने बैठक किती चिवट झाली ते सांगितलं, दुसऱ्याने दार लावलं होतं एवढंच.

आता खरा प्रश्न. त्याच कट्ट्यावर एक ताई पुस्तकाच्या चर्चेला वैतागून म्हणाल्या, “पुरे तुमचा काथ्याकूट.” त्यावरून सुचलं की लांबलेल्या बोलण्याला आपल्याकडे शब्द किती, आणि सगळे कामाच्या जागेवरून उचललेले. काथ्याकूट, चर्चेचं गुऱ्हाळ, तेच ते दळण, चऱ्हाट वळणं, शब्दाचा कीस काढणं. चर्चा, संवाद, परिसंवाद ही धुतल्या हातांची मंडळी. बाकी सगळ्यांच्या हाताला काहीतरी चिकटलेलं आहे. हे शब्द तुम्ही एकमेकांच्या जागी वापरता, की तुमच्या घरात त्यांत फरक आहे? उत्तराच्या वर नावाऐवजी आपलं ठिकाण लिहिलंत तरी चालेल.

कोपरखैरणे

काथ्याकुटाबद्दल मी बोलते, कारण मी तो पाहिलाय. आजोळ वेंगुर्ल्याकडचं. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात कित्येक महिने कुजत घालायची. मग ती काढायची, आणि तो वास ज्याने घेतलाय त्यालाच माहीत. आजी दगडावर सोडण ठेवून लाकडी मोगरीने कुटायची. भुसा उडायचा, साल सुटायची, धागे मोकळे व्हायचे. ते वाळवून मांडीवर वळले की सुंभ. ‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ म्हणतात, तो हाच सुंभ.

तेव्हा काथ्याकूट निष्फळ हे मला कधी पटलं नाही. लांबून ऐकणाऱ्याला फक्त धप् धप् ऐकू येतं, आणि जवळ गेलं तर अंगावर भुसा. बहुधा म्हण त्या लांबच्या माणसाने पाडली असावी. आमच्या घरात मात्र एक अट आहे. ताज्या विषयाचा काथ्याकूट होत नाही. कालचा निकाल आज बोललो तर ती चर्चा. तोच निकाल दोन वर्षं चिखलात ठेवून परत काढला, तर काथ्याकूट.

ऐरोली

वा, ‘आधी कुजायला हवं’ हे एकदम पटलं.

मी कोल्हापूरकडचा, म्हणून गुऱ्हाळाची तक्रार माझी. ‘चर्चेचं गुऱ्हाळ’ लिहिणाऱ्यांपैकी किती जण चुलवाणापाशी उभे राहिलेत? कधी काळी चरकाभोवती बैल फिरायचे, हंगामात काम रात्रंदिवस चालायचं, त्यावरून ‘संपतच नाही’ हा अर्थ आला असणार, तो मान्य. पण आत काहिलीपाशी गुळव्या असतो. रस उकळतोय, मळी काढून टाकतायत, चिपाडं खाली सारतायत, आणि हा थोडासा पाक पाण्यात सोडून बोटांनी गोळी वळून बघतो. गोळी जमली की ओरडतो, उतरवा! एवढासा उशीर झाला तरी पाक करपतो. मग वाफ्यात ओततात, निवतो, ढेप होते.

टीव्हीवरच्या चर्चेत चूल असते, काहील असते, चिपाडंही भरपूर असतात. ‘उतरवा’ म्हणणारा कोणी नसतो. सूत्रसंचालक ते काम करत नाही, तो जाहिरातीसाठी थांबवतो. जाहिरात संपली की तोच रस परत उकळायला.

नौपाडा

कोडं पेनाने सोडवणारा काका मीच. माझ्या पाठीमागे माझी कोश काढून फजिती केलीस, ठीक आहे. पण मला सांग, बत्त्यातला त्ता गळाला म्हणून तू हसतोस, मग तुझ्या खल्वतातला व कुठे गेला? त्याचा ब कोणी केला?

मूळ लेखक

काका, तुम्हीच केलात, आणि माझ्या आजोबांनीही. जवाबचा आपण जबाब केला. पोलीस ठाण्यात आजही जबाबच नोंदवतात. नवाबाचा नबाब केला. तसाच खल्वतचा खलबत. आपल्या तोंडात हा व सहज ब होतो.

सानपाडा

आमचं मूळ नांदेडचं, त्यामुळे हैदराबादेशी येणं-जाणं जुनं. तिथे चौमहल्ला राजवाड्यात खिलवत मुबारक म्हणून मोठा दालन-दरबार आहे आणि भोवतालच्या वस्तीलाही खिलवतच म्हणतात. हा तोच शब्द, तिथे व शाबूत. गंमत अशी की नाव एकांताचं आणि जागा दरबाराची, झुंबरांसकट.

तक्रारीचंही असंच. अरबीत तकरार म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. उर्दूत त्याचं भांडण झालं, आपल्याकडे अर्ज झाला. पालिकेत एकाच गटारासाठी चौथ्यांदा तक्रार देताना मूळ अर्थ आपसूक परत येतो. आणि हुज्जत तर मुळात पुरावा! आपण पुरावा नसताना घालतो ती हुज्जत.

बेलापूर

वडील वैद्य होते, म्हणून खलाबद्दल एक भर. चूर्ण खलात घालून त्यात रस किंवा काढा ओततात, सुकेपर्यंत घोटतात, परत ओततात, परत घोटतात. या प्रत्येक फेरीला आयुर्वेदात ‘भावना’ म्हणतात. आल्याच्या रसाच्या सात भावना, असं सांगायचे बाबा. लहानपणी मला वाटायचं, औषधालाही वाईट वाटतं की काय.

तेव्हा नेत्यांच्या बैठकीत खल झाला आणि वर ‘कार्यकर्त्यांच्या भावना लक्षात घेतल्या’ असं छापून आलं, की मला आमचा काळ्या दगडाचा खल आठवतो. शब्द पारिभाषिकदृष्ट्या अगदी बरोबर पडलेले असतात.

आणि हो, बत्ता. औषधाच्या खलाची मुसळी घोटायची असते, फिरवायची. खलबत्त्यातला बत्ता आदळायचा, वेलदोडे-सुंठ कुटायला. दोघांचा आवाजच वेगळा. राजकारणात खल झाला असं ऐकते तेव्हा मला घोटण्याचाच आवाज येतो, कुटण्याचा नाही.

ठाणे पूर्व

धुतल्या हातांच्या मंडळींनाही जरा तपासा की. चर्चा संस्कृतात पुन्हा पुन्हा घोकणं आणि अंगाला उटी लावणं, दोन्ही. चंदनचर्चित म्हणतो ना आपण. म्हणजे वरच्या तक्रारीसारखी चर्चाही मूळची पुनरावृत्तीच निघाली.

न्यायदर्शनात बोलण्याचे तीन प्रकार केलेत. सत्य शोधायला वाद, जिंकायला जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं फक्त खोडायला वितंडा. मराठीने यातल्या वितंड्याला वितंडवाद करून वादाच्याच घरात आणून बसवलं, आणि वादाचं भांडण केलं. ‘शेजाऱ्यांचा पार्किंगवरून वाद’ यात सत्यशोधन कुठलं आलं? जल्प मधली बरीच शतकं फारसा कोणाच्या कामाचा नव्हता. आता पेपरवाल्यांनी त्याला बाहेर काढून ट्रोलला ‘जल्पक’ म्हणायला सुरुवात केलीय. गेल्या काही वर्षांतला माझ्या मते सगळ्यात नेमका शब्द. लोकांना तो ‘कल्पक’चा भाऊ वाटतो ही अडचण आहे, पण रुळेल.

कोपरखैरणे

जल्पक छानच. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोघे आहेत. आता नाव कळलं.

ऐरोली

विषय निघालाच आहे तर, जागावाटप करणाऱ्या मंडळींची नावंही बघा. युती ज्योतिषातली, गुरू-शनीची होते ती. आघाडी लढाईतली, पिछाडीच्या उलट. एकीकडे ग्रह एकत्र आलेत, दुसरीकडे सैन्य पुढे निघालंय, आणि दोघांचं भांडण एकाच मुद्द्यावर: ठाण्यातल्या जागा कोणाला.

नौपाडा

मी काल मुद्दाम मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन आलो. १८९३ पासून आपल्या गावात आहे आणि मी शेवटचा कधी गेलो होतो ते सांगत नाही. दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश काढून मागितला, १९३२ ते ३८ मधले सात विभाग. एकेक विभाग उचलताना मनगट बोलतं. खलबत पाहिला. हरलो, मान्य.

पण एक अडचण आहे. कोड्यात ‘गुप्त मसलत, चार अक्षरी’ आलं तर खलबत. ‘कुटण्याचं साधन, चार अक्षरी’ आलं तर खलबत्ता. दोन्ही चारच. पहिली तीन घरं सारखी.

मूळ लेखक

मग शेवटच्या घरात उभा शब्द लागेपर्यंत थांबायचं, काका.

नौपाडा

म्हणून आज नातवाच्या कंपासपेटीतून पेन्सिल घेतलीय. रविवारी चहाचे पैसे माझे.