सकाळी गावठाणात, संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये

सी-७०३:
सर्वांना नमस्कार. रविवारी संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये आपण उमेदवाराला गरजेपोटी बांधलेल्या घरांविषयी, म्हणजे नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या गावकऱ्यांनी विनापरवाना बांधलेल्या घरांविषयी, विचारले, तेव्हा अनधिकृत बांधकामांवर कारवाई झालीच पाहिजे, असे ते म्हणाले. त्याच दिवशी सकाळी कोपरखैरणे गावात मात्र त्यांनी एकाही घराला हात लागू देणार नाही, असा शब्द दिला होता. माझा मामेभाऊ तिथे हजर होता. दोन्हीकडची मते हवी असतील तर असे बोलावेच लागते, हे काही सदस्यांचे म्हणणे मला मान्य नाही.

ए-२०१:
ताई, आपला संताप समजतो, परंतु उमेदवार निवडूनच आला नाही तर त्याच्या तत्त्वांचा आपल्याला काय उपयोग? हिंदूंच्या विवाह आणि वारसा कायद्यांत सुधारणा करणारे हिंदू कोड बिल रखडले म्हणून बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले आणि १९५२ मध्ये ते उत्तर मुंबईतून पराभूत झाले. कायदे झाले ते पुढे, १९५५ आणि १९५६ मध्ये, त्याच विधेयकाचे चार भाग करून आणि विरोधकांना झेपेल एवढेच पुढे सरकून. कुंपणावरच्या लोकांना बरोबर घेतल्याशिवाय हे झाले नसते.

सी-७०३:
काका, त्या पराभवामागे काँग्रेसची तेव्हाची ताकदही होती. शिवाय विधेयकाचे भाग पाडले गेले ते संसदेत, सर्वांच्या देखत. १९५२ च्या निवडणुकीत याच विधेयकाला विरोध करत प्रभुदत्त ब्रह्मचारी नेहरूंच्या विरोधात उभे राहिले होते, तरी नेहरूंनी विषय सोडला नाही. सबुरीने घेणे वेगळे आणि दोन ठिकाणी दोन शब्द देणे वेगळे.

आणि त्या तडजोडीची किंमत कोणी मोजली, हे मी घरात पाहिले आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतील मुलग्यांचा जन्मसिद्ध हक्क तसाच ठेवला. महाराष्ट्राने तो मुलींना १९९४ मध्ये दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. संपूर्ण देशात तो २००५ मध्ये आला. माझ्या आईचे लग्न १९८१ चे. नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के योजनेतील भूखंड माहेरच्यांना मिळायचा होता, तेव्हा आजोबांच्या हिश्श्यातून तिला जे थोडे येणार होते, तेही सोडून द्यावे म्हणून मामा हक्कसोडपत्र घेऊन आले. ओट्याशेजारच्या स्टुलावर कागद पसरून तिने प्रत्येक पानावर सही केली आणि मग त्यांच्यासाठी चहा ठेवला. मामांशी तिचे आजही चांगले आहे, परंतु 'झेपेल एवढेच' हे शब्द ऐकले की मला तो स्टूल आठवतो.

म्हणून मधला मार्ग घेणाऱ्या उमेदवाराला माझा विरोध नाही. जुनी घरे नियमित करावीत आणि नवी बांधकामे थांबवावीत, असे कोणी म्हटले तर ते मधलेच मत आहे आणि मला ते पटण्याजोगे वाटते, मात्र ते त्याने गावठाणात आणि आपल्याकडे एकाच शब्दांत मांडले पाहिजे.

ए-२०१:
एकाच शब्दांत, हे मान्य. तडजोडीविषयी माझे मत तेच आहे. तरीही आपल्या आईंची गोष्ट वाचून मी थांबलो.

सी-७०३:
धन्यवाद, काका. शनिवारी दुसरे उमेदवार येणार आहेत. त्या सभेला गावातील लोकांनाही बोलवावे आणि हाच प्रश्न सर्वांसमोर विचारावा, अशी समितीला विनंती आहे. आई आणि मामा दोघेही येतो म्हणाले आहेत, तेव्हा चार खुर्च्या जास्त लागतील.