गच्चीच्या भिंतीत उंबर उगवलाय, उपटायला हातच होत नाहीये

मोगरावेडी:
नमस्कार मंडळी. पुण्यात कोथरूडला आमची जुनी बिल्डिंग, वर गच्चीत माझी बाग आहे, जास्वंद, तगर, गोकर्ण, तुळशी, ड्रममध्ये लिंबू आणि कढीपत्ता. पाण्याच्या टाकीमागच्या भिंतीत भेगेतून उंबर आलाय. वीतभर होता तेव्हा कौतुक वाटलं, आता कमरेला लागतो आणि भेगेत बोट जातं. सोसायटीवाले म्हणतात मुळाशी ॲसिड ओता. सासूबाई दत्तभक्त, नरसोबाच्या वाडीला नेमाने जाणाऱ्या, त्या म्हणतात औदुंबर आपणहून घरी आलाय, हात लावायचा नाही, आणि वर रोज तांब्याभर पाणी घालतात त्याला (म्हणजे अजूनच जोर!). नवरा म्हणतो तुम्ही दोघी मिळून स्लॅब पाडणार आहात.

मी स्वतः सोवळंओवळं, उपासतापास काही करत नाही. पण सकाळी खुरपं हातात घेतलं की डोक्यातली कटकट थांबते, ऑफिस, मुलांच्या परीक्षा सगळं खालच्या मजल्यावर राहतं, देवपूजा म्हणा ध्यान म्हणा माझं तेच आहे. आता गंमत अशी की तण मी खुशाल उपटते, मिलीबग चिरडते, त्यात काहीच वाटत नाही, मग या एकाच रोपापाशी का अडते? कुणी लावलं नाही, खत नाही, माती तर नाहीच, तरी तरारून उभं आहे आणि मी छिन्नी घेऊन गेले की परत येते. तुम्ही अशा वेळी काय करता? भावनेचं पण सांगा आणि प्रॅक्टिकल पण.

रोपवाला_सातारा:
ताई ॲसिड नकोच. झाड मरेल न मरेल, प्लास्टर आणि आतली सळई मात्र नक्की खराब होणार. नुसतं वरून कापूनही उपयोग नाही, भेगेत मूळ राहिलं की पुन्हा फुटवा येतो आणि दरवेळी खोड जाड होतं. काढून हलवा, उंबर चिवट असतो. चांगला पाऊस लागला की करा. आदल्या दिवशी भेग पाण्याने भरपूर भिजवा, मुळाच्या दोन्ही बाजूचं प्लास्टर छिन्नीने हळूहळू सोडवा, ओढू नका, मुख्य मुळाला जेवढी बारीक मुळं राहतील तेवढं बरं. निम्मी पानं काढून टाका, मुळं कमी झाल्यावर सगळ्या पानांना पाणी पुरवणं झाडाला झेपत नाही. ओल्या गोणपाटात गुंडाळून लगेच मोठ्या कुंडीत, माती, थोडं शेणखत, तळाला भोकं मोकळी. नवी पालवी दिसेपर्यंत सावलीत. उरलेली पानं गळली तरी घाबरून फेकून देऊ नका, खोडाला नख लावून बघा, आत हिरवं असेल तर जिवंत आहे. आणि भेग लगेच बुजवून वॉटरप्रूफिंग करा, नाहीतर पुढच्या वर्षी तिथे पिंपळ येणार.

खडूस_काका:
आपणहून आलाय वगैरे ठीक आहे, पण आणलाय पक्ष्याने. बुलबुल, कोकीळ, तांबट नाहीतर वटवाघूळ, उंबर खाऊन तुमच्या टाकीवर बसलं असणार, बाकी काम त्याच्या विष्ठेने केलं. उंबर फोडून केंबरं (आतले बारीक किडे) काढू नयेत म्हणतात, मी मात्र म्हणतो एकदा मुद्दाम फोडून बघा. आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या पोटातच फुलं असतात, आणि एक इवलीशी माशी बारीक छिद्रातून आत शिरून परागीभवन करते, आतच अंडी घालते आणि बहुतेक वेळा आतच मरते. पुढची पिढी पराग घेऊन बाहेर पडते. ही माशी नसेल तर उंबराला बी नाही आणि उंबर नसेल तर ती माशी नाही. मी पक्का नास्तिक आहे पण हे पहिल्यांदा भिंगातून बघितलं तेव्हा बराच वेळ बोललो नाही.

आणि आता कुणीतरी लिहिणारच म्हणून आधीच सांगतो, जगदीशचंद्र बोसांनी झाडांमधले विजेचे संकेत मोजले हे खरं, त्यावरून झाड आपल्यासारखं रडतं असं निघत नाही. झाडाला मेंदू नाही, मज्जासंस्था नाही. मोगरावेडी, तुमचा हात अडतो ते तुमच्या आत काहीतरी होतं म्हणून. ते वाईट नाही. उलट तण उपटताना अडत नाही याचाच जरा विचार करा :)

देवरुखकरीण:
काका बरोबर आहे तुमचं पण सासूबाईंना माशी सांगून काय उपयोग, त्यांना त्यांच्या भाषेत सांगायला हवं. आमच्याकडे कोकणात मोठं झाड काढायचं झालं तर बुंध्याशी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, बाबा रे अडचण आहे म्हणून काढतोय, राग धरू नको, आणि मगच कुऱ्हाड लागते. देवराईत तर वाळकं लाकूड सुद्धा घरी न्यायचं नाही, देवळाच्या कामाला लागलं तरी आधी कौल लावून देवाला विचारायचं. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया फिरून अभ्यास केला, बाहेरचं रान तुटून गेलं तरी तिथे जुनी झाडं, गारंबीच्या मांडीएवढ्या वेली टिकून होत्या. खरं सांगायचं तर त्यात प्रेमाइतकीच देवाची भीतीही होती असं मला वाटतं. आणि भीती फार पुरत नाही. देवळाला स्लॅब टाकायची म्हणून त्याच राईतली झाडं विकलेली गावं पण आहेत, कौल लावूनच!

गाऱ्हाण्याचा मला आवडतो तो भाग वेगळा आहे. झाडासमोर उभं राहून कारण मोठ्याने बोलावं लागतं. पार्किंग हवंय म्हणून तोडतोय हे म्हणताना जीभ अडखळते, घर पडेल म्हणून हलवतोय हे म्हणता येतं. सासूबाईंनाच नारळ ठेवायला सांगा, त्यांनाच बोलू दे.

मोगरावेडी:
देवरुखकरीण ताई, तुमचं सासूबाईंना वाचून दाखवलं. आधी गप्प बसल्या, मग म्हणाल्या गुरुवार नको, शुक्रवारी काढा, आणि तो जाणार कुठे ते आधी ठरवा, कुंडीत किती दिवस कोंडणार त्याला. नृसिंहाच्या नखांचा दाह औदुंबराने शमवला ही कथा पण पुन्हा ऐकवली, म्हणजे परवानगी मिळाली असं मी धरते. तर आता जागा कुठे? जवळच्या टेकडीवर लावू का?

रोपवाला_सातारा:
टेकडीच्या कोरड्या उतारावर नको. उंबर हे ओढ्याकाठचं झाड, जुनी माणसं विहीर खणायची जागा उंबर बघून ठरवायची. ओढा, नदीकाठ, शेताची सखल बाजू बघा. बिल्डिंग आणि ड्रेनेज लाईनपासून निदान तीस फूट लांब, मोठेपणी पसारा अवाढव्य होतो. टेकडीची जागा बहुतेक वनखात्याची असते, विचारल्याशिवाय खड्डा घेऊ नका. लावल्यावर पहिले दोन उन्हाळे पाणी घालायला माणूस हवा, ते आधी बघा, फोटो काढून निघून जाणारे खूप झालेत. आणि हलवायचं तर यंदाच हलवा, खोड जाड झालं की काढणं अवघड. 1975 चा वृक्ष कायदा आहे, मनपाच्या उद्यान विभागाची परवानगी लागते का ते आधी विचारून घ्या.

गॅलरीतलं_जंगल:
एवढं कशाला, बोन्साय करा की, उंबराचं मस्त होतं, ट्रेमध्ये घरातच राहील.

खडूस_काका:
चाळीस फुटी झाडाला ट्रेमध्ये बसवायचं आणि वर झाडाशी नातं म्हणायचं? मला नाही पटत.

गॅलरीतलं_जंगल:
काका, चांगलं सांभाळलेलं बोन्साय कुंडीत विसरलेल्या रोपापेक्षा जास्त लाडात असतं, रोज बघावं लागतं त्याच्याकडे. वन बीएचकेत राहणाऱ्यांनी काय करायचं मग?

मोगरावेडी:
बोन्सायचा विषय सासूबाईंपुढे काढायची माझी हिंमत नाही बाबा. मुळशीकडे भावाचं शेत आहे, बांधाला ओढा लागतो, त्याला फोन केलाय. तो हो म्हणाला पण वहिनी म्हणते उंबर आला की वटवाघळं येणार आणि ओटीवर घाण करणार. आता तिला कोण समजावणार, काका तुम्ही येता का?