मसाई मारा : लहान मुलगी आणि वयस्कर आईसह प्रवेशद्वाराबाहेरच्या लॉजमध्ये राहावे का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

येत्या दिवाळीच्या सुट्टीत केनियातील मसाई मारा अभयारण्य पाहण्याचे आम्ही ठरवले आहे. सोबत पत्नी, ५ वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांची आई असेल. मे महिन्याची सुट्टी मुद्दामच टाळली, कारण मार्च ते मे हा तिकडचा मोठा पाऊस असतो आणि तिथली काळी माती आपल्या देशावरच्या मातीइतकीच चिकट असल्याने गाड्या रुततात. ऑक्टोबरअखेर वाइल्डबीस्टचे (गवतावर चरणाऱ्या मोठ्या हरणवर्गीय प्राण्यांचे) बरेचसे कळप शेजारच्या टांझानियातील सेरेंगेटीकडे परतू लागलेले असतात, याची कल्पना आहे. पण मुलीला जिराफ आणि हत्ती दिसले तरी आमची सहल सार्थकी लागेल. अडले आहे ते मुक्कामाच्या जागेवर.

पहिला पर्याय सेकेनानी प्रवेशद्वाराबाहेरच्या लॉजचा आहे. तेथे विजेचे कुंपण, पोहण्याचा तलाव आणि मधल्या दाराने जोडलेल्या दोन खोल्या आहेत. दुसरा पर्याय अभयारण्याच्या आत, तालेक नदीकाठच्या तंबूंचा असून त्याला कुंपण नाही. मनाचा कल पहिल्याकडे आहे, पण तिकिटाच्या नियमामुळे निर्णय होत नाही. जुलै ते डिसेंबर या काळात परदेशी प्रौढांना दिवसाला २०० डॉलर प्रवेशशुल्क आहे आणि बाहेर राहणाऱ्यांना ते सकाळी ६ ते संध्याकाळी ६ या १२ तासांपुरतेच चालते. मुलीला वयामुळे शुल्क नाही, तरी आम्हा तिघांचे रोजचे ६०० डॉलर होतात. पहाटे आत जावे, दहा-साडेदहाला लॉजवर परतून जेवण आणि झोप उरकावी आणि चारच्या सुमारास पुन्हा आत शिरावे, असा माझा बेत आहे. त्याच तिकिटावर दुसऱ्यांदा आत सोडतात का? लॉजचे उत्तर गुळमुळीत आहे. सोडत नसतील, तर जेवणाचे डबे घेऊन दिवसभर आतच राहावे लागेल. बाभळीच्या सावलीतले जेवण माहितीपत्रकात फार छान दिसते, परंतु धक्के खाणाऱ्या गाडीत आठ-नऊ तास बसलेल्या लहान मुलीची चिडचिड आणि आईची स्वच्छतागृहाची अडचण त्यात दिसत नाही.

आतल्या तंबूंबाबत काळजी रात्रीची आहे. अंधार पडल्यावर पाणघोडे चरायला नदीबाहेर येतात, त्यामुळे जेवणाच्या जागेपर्यंत जाता-येता बॅटरी घेतलेला स्थानिक मसाई जमातीचा राखणदार सोबत येतो. ही व्यवस्था मला पटते. मात्र तेथे एका तंबूत तिघांचीच सोय आहे, म्हणजे आईला शेजारच्या तंबूत एकटीने झोपावे लागेल. रात्री तिला बरे वाटेनासे झाले, तर मधले वीस-पंचवीस पावलांचे अंतरही राखणदाराला बोलावल्याशिवाय ओलांडता येणार नाही. शिवाय जनरेटर मध्यरात्री बंद होतो, असे त्यांनी कळवले आहे. अशा ठिकाणी कोणी वडीलधाऱ्यांना घेऊन राहिले असल्यास प्रत्यक्षात कसे जमले, ते सविस्तर सांगावे.

उत्तरेकडील खाजगी राखीव क्षेत्रांत रात्रीची सफारी करता येते, परंतु तेथील बऱ्याच कॅम्पमध्ये लहान मुलांसाठी किमान वयाची अट असल्याने तो विचार सोडून दिला. जेवणाची चिंता नाही; केनियात चपाती घरोघरी होते आणि तेथील गुजराती समाजामुळे शाकाहारी जेवण नवलाचे राहिलेले नाही. नैरोबीहून नारोकमार्गे मोटारीनेच जाऊ, कारण छोट्या विमानात माणशी १५ किलो आणि तेही मऊ बॅगेतच सामान नेता येते. तिकडे प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी असल्याने फराळ डब्यांतूनच न्यावा लागेल.

शेवटचा प्रश्न पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीचा. केनियाहून भारतात परतताना तिचे प्रमाणपत्र लागते आणि ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होते. साठीनंतर ही लस विचारपूर्वकच दिली जाते. आमच्या डॉक्टरांनी आईला लस न देता सूट देणारे पत्र देण्याची तयारी दाखवली आहे. असे पत्र घेऊन परतलेल्या कोणाला मुंबई विमानतळावर विलगीकरणासाठी थांबवले होते का? तसा धोका असेल, तर लॉजचे आगाऊ पैसे भरण्यापूर्वीच आईच्या येण्याचा फेरविचार करावा लागेल.